लेन्को एल ७५, अपडेट ४: बिचाऱ्या व्ही-ब्लॉकला उगाच शिव्या घातल्या

मंडळी, सापडलं. तीन आठवडे डोकं खाल्लं माझ्या जुन्या लेन्को एल ७५ रेकॉर्ड प्लेअरच्या या आर्मने (सुई धरणारा दांडा) आणि शेवटी निघालं काय तर माझाच उद्योग.

मागच्या वेळी सांगितलं होतं ना की जुन्या रबरी व्ही-ब्लॉकचा (आर्म ज्यांच्या व्ही आकाराच्या खाचेत टेकतो ते ठोकळे) भुगा झाला होता, बोट लावलं की काळा चुरा, आर्म डगडग हलायचा. सांवेर रोडच्या एका खरादवाल्याकडून (लेथवाला) डेलरिन नावाच्या कडक प्लास्टिकच्या रॉडमधून दोन नवीन करून घेतले. ऑनलाइन एका दुकानातून मागवलेली जोडी त्याआधी फेकली होती, दोन्हींचे खाचे वेगवेगळ्या खोलीचे, आर्म एका अंगाला कलायचा आणि हेडशेल (सुई बसते तो टोकाचा भाग) तिरकं दिसायचं. खरादवाल्याने मात्र व्हर्नियर लावून नीट काम केलं, दोनशे रुपयांत. आर्म सरळ बसला, डगडग गेली, मी खूश.

मग एलपी लावली. अमीर खाँसाहेब, आपल्या इंदूरचेच, दुसरं काय लावणार. पहिला अर्धा भाग सुरेख, अतिविलंबितात सूर जरासुद्धा थरथरत नव्हता, म्हणजे आयडलर (तबकडी फिरवणारं रबरी चाक) आणि मोटर ठीक. पण सुई आत आत सरकायला लागली की शेवटच्या पाव भागात तीच ओळ परत, परत, परत. सुई पुढे जायलाच तयार नाही.

मी ठरवूनच टाकलं की नवीन ब्लॉक घट्ट आहेत. खाचे पॉलिश केले, सुरीधारेला (आर्मची व्ही-ब्लॉकच्या खाचेत टेकणारी धारदार कड) बारीक पॉलिश पेपर लावायच्या अगदी बेतात होतो (नका लावू, ती धार गेली तर आर्म भंगारात). सुईचं वजन (रेकॉर्डवरचा दाब) दोन ग्रॅमवरून अडीचवर नेलं, थोडा फरक पडला पण तो इलाज नव्हे. अँटीस्केटचा (आर्मला जरा बाहेर ओढणाऱ्या वजनाचा) दोरा काढून टाकला, तरी तेच. वैतागून दुसरा आर्म बसवायचंच ठरवलं, प्लिंथवर (डेक बसवलेल्या पेटीवर) भोकाच्या खुणासुद्धा करून झाल्या. एल ७५ ला भोक पाडायचं म्हणजे पाप आहे हे माहीत असूनही.

ब्लॉक अजून सैल करून द्या म्हणून परत त्याच खरादवाल्याकडे गेलो, आर्म घेऊनच. त्याने एकदा वर-खाली केला, एकदा आडवा फिरवला आणि म्हणाला, "भैया, ये तो ऊपर-नीचे का है, तुम्हारा तो दाएँ-बाएँ अटक रहा है." झालं. सुरीधार आणि व्ही-ब्लॉक फक्त वर-खाली हालचालीचे, आडवी हालचाल खांबातल्या बॉल बेअरिंगवर. हे मला माहीत होतं हो, इथेच कितीदा लिहिलंय मी, पण डोक्यात ब्लॉकच बसला होता.

घरी येऊन सरकवजन (सुईचा दाब ठरवणारं) शून्यावर आणलं, मागच्या वजनाने आर्म हवेत तरंगता केला. रेकॉर्डच्या मधोमध नेऊन सोडला. दोन क्षण थांबला आणि मग कोणी बोलावल्यासारखा हळूच बाहेर सरकला, दोन बोटं, थांबला. परत सोडला, बरोबर त्याच जागी. डेक तिरका असेल म्हणून सगळा टर्नटेबल उलट तोंडाने फिरवून ठेवला, तरी आर्म आपल्या बाहेरच्याच बाजूला. बेअरिंग जाम असतं तर कुठेही अडकला असता. हा तर ओढला जात होता, स्प्रिंग असल्यासारखा.

स्प्रिंग म्हणजे माझ्या वायरी! दुसऱ्या अपडेटमध्ये ऐटीत लिहिलं होतं की आर्ममधून सुईचा सिग्नल नेणाऱ्या चारही वायरी बदलल्या, महाराणी रोडवरून पातळ हुकअप वायर आणली. ती पातळ माझ्या डोळ्यांना, आर्मला नाही. खांबातून खाली जाताना चारही एकमेकींत पिळलेल्या आणि वर मी त्यांना घट्ट टाय मारलेला.

लगेच ऑर्डर करणार होतो, पण परदेशी वायर यायची कधी आणि तेवढ्यात टेबलावरचा मेलेला इअरफोन दिसला. आतली वायर म्हणजे दोऱ्याबरोबर वळलेले केसासारखे तार, एनॅमल लावलेले, लोंबत्या धाग्यासारखे मऊ. एनॅमल जाळायला सोल्डरिंग आयर्न चांगला तापवावा लागतो, पहिल्या दोन जोडण्या सुटल्याच. रंग नेहमीचेच ठेवले: लाल-हिरवी उजवी, पांढरी-निळी डावी. बाहेर निघते तिथे एक सैल वेटोळं ठेवलं, टाय नाही.

आता आर्म जिथे सोडाल तिथे उभा. फुंकर मारली की जातो, परत येत नाही. काल रात्री पूर्ण बाजू वाजली, शेवटच्या खाचेपर्यंत, आई आतून म्हणाली, "आज अडकलं नाही का रे?"

नवीन आर्मचा बेत रद्द, प्लिंथवरच्या पेन्सिलच्या खुणा खोडरबरने पुसल्या. आता डाव्या बाजूला बारीक गुणगुण आहे, निळीची जोडणी परत बघतो. आणि अँटीस्केटला सध्या मी दोऱ्याला सियागंजमधला पितळी नट लटकवलाय, कोणाकडे ओरिजिनल वजन असेल तर ते किती ग्रॅमचं आहे तेवढं काट्यावर ठेवून सांगा.