हॅन्डलातून वायरी ओवताना

माझी गाडी १९९४ ची यामाहा आरएक्स १००. हॅन्डलवरून डोमपर्यंत, म्हणजे पुढच्या दिव्याच्या वाटीपर्यंत, लोंबणाऱ्या, काळी टेप गुंडाळलेल्या त्या वायरी बघून मला वर्षानुवर्षं चीड यायची. हॅन्डल नवं टाकायचंच होतं, म्हटलं या वेळी वायरी पाइपातूनच न्यायच्या. स्विचजवळ आणि मध्ये खाली भोकं पाडणं, स्विच खोलणं हे एका सकाळचं काम, त्यात सांगण्यासारखं काही नाही. पण ओवायला बसलो आणि पुढचे चार दिवस आमच्या मंगळवार पेठेतल्या घरात दुसरा विषय नव्हता.

डाव्या स्विचमधून माझ्या गाडीला सात वायरी येतात. त्या पाइपातून मध्यापर्यंत आणून खाली डोममध्ये न्यायच्या तर वीतभर कमी पडतात. मी शहाणपणा केला. सातही वायरींची टोकं एका रेषेत छाटली, प्रत्येकीला वीतभर तुकडा जोडला, डाख दिला, वर स्लीव्ह चढवून लायटरने आवळली. जोड इतके देखणे झाले की फोटो काढून ग्रुपवर टाकला.

मग नायलॉनच्या दोरीला छोटा नट बांधला आणि हॅन्डल तिरकं धरलं. नट खुळखुळत मधल्या भोकाशी आला, तारेच्या आकड्याने बाहेर काढला. दोरीला वायरी बांधून ओढल्या. सरसर आल्या, वीतभर बाहेर पडल्या आणि थांबल्या.

ओढलं, हलेनात. मागे ढकलून परत ओढलं, तिथेच. मला वाटलं, हॅन्डलच्या वळणात अडकल्या. म्हणून भांड्याचा साबण ओतला. (हे करू नका. तांब्याला ते ओलं बाधतं, पाइपही आतून गंजतो. अंगाला लावायची पावडर वायरींना चोळा, तेवढ्यावर भागतं.) साबणाने वायरी सुटल्या नाहीत, हात मात्र सुटायला लागले. दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर पायाने हॅन्डल दाबून दोन्ही हातांनी ओढलं, तर हॉर्नच्या वायरीचं आवरण भोकाच्या कडेला सोलून निघालं. कारण भोकाचा बर, म्हणजे कडेला राहिलेली धार, मी वरवरच काढला होता. गोल कानस आतून-बाहेरून फिरवा, बोट घातलं तर ओरखडा येता कामा नये, आणि मग रबरी बुश बसवा. हे मी आधी लिहायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी पोवई नाक्याकडच्या एका गॅरेजवाल्याला हॅन्डल दाखवलं. 'ठेवून जा, उद्या बघतो.' उद्या गेलो तर हॅन्डल कोपऱ्यात तसंच, वर कुणीतरी चहाचा कप ठेवलेला. 'मोठं भोक पाडून देऊ का?' म्हणाला. मी हॅन्डल उचललं आणि घरी आलो. २२ एमएमच्या पाइपला १० चं भोक हेच मला पुष्कळ वाटतं. सगळ्यात जास्त ताण येणारी जागा हॅन्डल धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पच्या कडेची असते, हॅन्डल वाकतं किंवा तुटतं ते तिथे. म्हणून खालचं भोक दोन क्लॅम्पच्या बरोबर मध्ये, खालच्या अंगाला. कडेला चिकटून अजिबात नाही.

त्या संध्याकाळी मी ओट्यावर पुन्हा झटापट करत होतो. साबणाची बाटली मागायला आई बाहेर आली, दोन मिनिटं बघत उभी राहिली आणि वैतागून म्हणाली, 'अरे, नाडी ओवून झाल्यावर गाठ मारतात. आधी गाठ मारून कोण ओवतं?'

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. बाहेर किती वायर आली होती? वीतभर. मी जोडलेला तुकडा केवढा? वीतभर. अडकत होते ते माझे देखणे जोड. वायर २ एमएमची, सात मिळून जुडगा ६ चा होतो. स्लीव्ह चढवलेला जोड ४ एमएमचा, आणि सातही जोड एकाच जागी आले की जुडगा १२ चा. स्विचजवळचं भोक मी कानशीने लांबट, तिरकं केलं होतं, म्हणून तिथून तो आत शिरला. पाइप आतून १७ चा, म्हणून फिरला. मधल्या १० च्या गोल भोकाशी येऊन बसला. वळणाचा काही संबंधच नव्हता. तीन दिवस मी वळणाला शिव्या घातल्या!

वायरी मागे ओढून काढल्या, तुकडे छाटले, सोललेली वायर बदलली, पाइप धुऊन उन्हात वाळवला. नुसत्या वायरी ओवायला दोन मिनिटंही लागली नाहीत. तुकडे नंतर बाहेर, डोमच्या आत जोडले, एक पुढे एक मागे असे. पाइपात जोड नकोच. उजवीकडे वायरी कमी, त्या मुकाट आल्या.

राहिलेलं: कपलरच्या (वायरी जोडायच्या प्लगच्या) पिना काढण्याआधी रंगांचा फोटो घ्या. पिना मी स्टोच्या पिनेने काढल्या. जोडण्याआधी मीटर लावून प्रत्येक वायर पाइपाला शॉर्ट नाही ना ते बघा. आणि हॅन्डल दोन्हीकडे पूर्ण वळवून खाली वायर ढिली राहते का तेही तपासा, नाहीतर यवतेश्वरच्या घाटातलं पहिलंच वळण फ्यूज उडवेल.

रविवारी गाडी बोळात उभी केली. शेजारचे काका आले, पुढून बघितलं, बाजूने बघितलं.

'काय बदललंस?'

'वायरी आतून घेतल्या.'

त्यांनी क्लचची, ब्रेकची आणि ॲक्सिलरेटरची अशा तिन्ही केबलींना एकेक करून बोट लावलं. 'मग ह्या का बाहेर ठेवल्यास?'