चार मिलिमीटरच्या पिनियनचा नमुना

औषध थेंबाथेंबाने सोडणाऱ्या एका छोट्या पंपासाठी मला पिनियन, म्हणजे दातेरी चाकांच्या जोडीतलं लहान चाक, हवा होता. मॉड्यूल (दाताच्या आकाराचं माप) ०.३, दात १२, बाहेरचा व्यास ४.२ मिमी. शेवटी तो प्लास्टिकचा, साच्यातून बनणार; साचा एकदा कापला की त्यात बदल करणं फार महाग पडतं, म्हणून आधी नमुना हवा.

फिलामेंटचा थ्रीडी प्रिंटर कागदावरच बाद झाला. नोझल ०.४ मिमीचं आणि दाताची जाडी ०.४७, म्हणजे अख्खा दात प्लास्टिकच्या एका रेघेचा. तरी त्याच प्रिंटरवर मी दहापट मोठी जोडी छापली आणि हाताने फिरवून पाहिली. दात कुठे घासतात, मुळाशी किती अडकतात हे अशा मोठ्या जोडीत स्वच्छ दिसतं. घर्षण आणि ताकद मात्र त्यातून कळत नाही.

मग खऱ्या मापात रेझिन प्रिंटर, म्हणजे द्रव रेझिन प्रकाशाने थराथराने कडक करणारा. पिक्सेल ५० मायक्रॉनचा, म्हणजे दाताच्या जाडीत जेमतेम नऊ पिक्सेल. इथे खरी मेहनत लागली. प्लेटला चिकटलेल्या पहिल्या थरांना जास्त प्रकाश मिळतो, त्यामुळे खालची कड पसरते आणि दात जाड होतात. म्हणून पिनियन सपोर्टवर उचलून छापला. दातांच्या खाचांत ओलं रेझिन अडून बसतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये नुसतं बुडवून ते निघत नाही. अल्ट्रासॉनिक क्लीनर, मग हवेचा झोत, मग भिंगाखाली तपासणी, आणि त्यानंतरच यूव्ही क्युरिंग, म्हणजे अतिनील प्रकाशात पक्कं कडक करणं. उरलेलं रेझिन एकदा कडक झालं की नमुना टाकूनच द्यावा लागतो. एक मिमीचं भोक मुद्दाम लहान ठेवून हाताने ड्रिल फिरवून मापात आणलं.

रेझिनचा पिनियन बसतो कसा हे दाखवतो, पण ठिसूळ असल्याने भाराखाली त्याच्यावर भरवसा ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे. भाराच्या चाचणीसाठी भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये पितळेचा पिनियन वायरकटवर, म्हणजे बारीक तारेतून विजेच्या ठिणग्या पाडून धातू कापणाऱ्या यंत्रावर, कापून घेतला. तिथल्या काकांनी ड्रॉइंग पाहताच सांगितलं, "पाव मिमीची तार तुमच्या दाताच्या मुळात जाणार नाही, ०.१ची लावू." मुळाची त्रिज्या ०.११ मिमी होती, त्यामुळे त्यांचं म्हणणं बिनचूक होतं. बारीक तारेने काम सावकाश होतं आणि पैसेही जास्त लागतात, पण पितळेच्या जोडीवर पंप पूर्ण भाराने चालवून पाहता आला. त्यातूनच दोन आसांमधलं अंतर ०.०५ मिमीने वाढवायचं ठरलं.

आता अ‍ॅल्युमिनियमचा साचा बनतोय. पिनियनचं प्लास्टिक, अ‍ॅसिटाल, थंड होताना साधारण दोन टक्के आकसतं, म्हणजे आपल्या व्यासात ०.०८ मिमी. टूलरूमने साच्याच्या मापात ती भर धरली आहे.