झाड का प्राणी?

श्रावणातली दुपार. जेवून जरा आडवा झालो होतो, तर भाची चिखलाच्या पायांनी थेट खाटेपाशी आली. मुठीत उकिरड्यावरची कुत्र्याची छत्री. "मामा, हे झाड हाय का प्राणी?"

शाळेच्या वहीत तिनं दोनच रकाने आखले होते. म्हटलं, दोन्ही नाही, ही बुरशी. १९६९ साली व्हिटाकर नावाच्या शास्त्रज्ञानं सजीवांच्या पाच सृष्टी मांडल्या, त्यात बुरशीला स्वतंत्र घर दिलं. व्हिटाकरचं तिला काही पडलं नव्हतं. "मंग हे जेवते काय?"

झोप गेलीच होती. उकिरड्यावर जाऊन काडीनं खत उकरून दाखवलं. आत पिंजलेल्या कापसासारखे पांढरे धागे. म्हटलं, खरा जीव हा. वर येते ती फक्त याची छत्री, बी उधळायला. तुराट्या, पालापाचोळा, शेणात उरलेला चोथा, सगळं हा खातो. हा नसता तर आपल्या वावरात आजोबांच्या काळातल्या पऱ्हाट्याही तशाच पडून राहिल्या असत्या.

आजोबा म्हणजे आमचे आबाजी. ते आठवले की सात्या आठवतात, वारुळावर उगवणाऱ्या, खायच्या छत्र्या. (वऱ्हाडाकडचे लोक टेकोडे म्हणतात. म्हणोत.) पाऊस जमला की आजी अंधारातच मला उठवायची. धुऱ्यावर एक वारूळ होतं. वर्षभर आजी उधईला, म्हणजे वाळवीला, शिव्या घालायची, तिनं चौकट खाल्ली म्हणून. आणि पावसाळ्यात तिच्याच दारात टोपली घेऊन उभी राहायची. उधई वाळलं गवत, लाकूड चावून आत नेते, त्यावर बुरशीची शेती करते आणि तीच खाते, हे मला फार उशिरा कळलं. आम्ही तोडत होतो ते उधईचं पीक होतं. परतताना आजी टोपलीवर पदर टाकायची. कोणी विचारलंच तर, "शेण आणाले गेल्ती."

जवसाच्या तेलात लसूण तडतडला की शेजारी समजायचे ते समजायचे.

आबाजी माळकरी. सात्याला हात लावायचे नाहीत. "मटनावानी लागते ते. जे मटनावानी लागते ते मटनच." असं म्हणून वरण-भात कालवायचे. न खाता यांना चव कशी कळली, असं आजी विचारायची. त्यावर आबाजी पाणी मागायचे. आम्ही पोट्टे हसायचो.

पुढं कॉलेजात वाचलं, की बुरशीच्या पेशीभोवतीची भिंत कायटिनची असते, खेकड्याच्या नि किड्यांच्या कवचात असतं तेच. आणि जीवसृष्टीच्या वंशावळीत बुरशी झाडांपेक्षा प्राण्यांच्या जवळची. आबाजी तोवर गेले होते. आजीला सांगितलं असतं तर तिनं मलाच झापलं असतं, म्हणून नाही सांगितलं.

भाचीनं छत्री वाटीत ठेवली होती. संध्याकाळपर्यंत ती विरघळून काळी शाई झाली. या जातीचं तसंच असतं. छत्री स्वतःलाच विरघळवते. भाची त्यात काडी बुडवून नाव लिहीत बसली. तिची आई ओरडली, आधी हात धू, मग ती वाटी फेक. वाटी चांगली स्टीलची होती, पण फेकली.

हात धुऊन आल्यावर भाची म्हणाली, "मामा, उद्या सात्या आणाले जाऊ ना."

वारूळ अजून आहे. पाऊसही बरा झालाय. पण शेजारी-शेजारी उगवलेल्या दोन छत्र्यांतली कोणती ताटातली आणि कोणती दवाखान्यात नेणारी, हे आजी देठ चिरून, वास घेऊन, कधी नुसतं पाहून सांगायची. बोलून काहीच नाही.

"मला ओळखता येत नाहीत, बाई," मी म्हटलं. "मी फक्त टोपली धरायचो."