राजाची अंडी

“अहो, आमच्या राजानं अंडी घातलीत! नर आहे ना तो?” सकाळी फोनवर आलेला हा प्रश्न अजून डोक्यातून जात नाहीये. राजा म्हणजे त्यांचा पाळलेला इग्वाना, सरड्याच्या जातीचा मोठा प्राणी.

नर कशावरून ठरवला? तर म्हणे, पाठीवर काटे आहेत, गळ्याखाली झालर आहे. अहो, ते मादीलाही असतं! नराचं मोठं असतं, एवढंच. पण घरात दुसरा इग्वाना नसेल तर मोठं कशाच्या मानानं?

बघायचं ते मांडीखाली. एका हातानं छातीला, दुसऱ्यानं कमरेला आधार द्या आणि मागचा पाय हलकेच बाजूला घ्या. (शेपटी धरू नका, तुटून हातात येते.) मांडीच्या आतल्या बाजूला छिद्रांची रांग दिसेल. मोजत बसू नका, आकार बघा. वयात आलेल्या नराची छिद्रं ठसठशीत, त्यांतून मेणासारखे खुंट बाहेर आलेले. मादीची टाचणीच्या टोकाएवढी. हे सगळं साधारण २-३ वर्षांनंतर. तळहातावरच्या पिल्लाकडे बघून दुकानदार सांगतो तो निव्वळ अंदाज.

नर नसतानाही मादी अंडी घालते, एका वेळी ३०-४०सुद्धा. ती फळत नाहीत, इतकंच. पण उकरायला ओलसर माती नसली, कॅल्शियम कमी पडलं, तर अंडी पोटातच अडकतात आणि जिवावर बेततं.

राजा आठवडाभर खाणं सोडून काचेच्या पेटीचा कोपरा उकरत होता. घरच्यांना वाटलं, मस्ती करतोय.

तुमच्याकडच्या ‘राजा’ची मांडी कधी बघितलीय?