कढईतला एक चमचा

आज रात्री सगळ्यांना वाढून झालं आणि कढईत बघितलं तर लाल माठाची भाजी एक चमचाभर, त्यात पण निम्मा लसूणच. आणि गंमत म्हणजे जुडी आणली होती खास माझ्यासाठी!

फायब्रॉइडमुळे, म्हणजे गर्भाशयातल्या गाठींमुळे, दर महिन्याला इतकं अंगावरून जातं की हिमोग्लोबिन ८.४ पर्यंत खाली आलंय. डॉक्टर म्हणाल्या, खाण्याने गाठी विरघळत नाहीत, पण रक्तातून गेलेलं लोह भरून काढायला गोळ्यांच्या जोडीला नीट जेवायला तर हवं ना. पालेभाजी, उसळ, वरून लिंबू पिळायचं, आणि जेवणावर लगेच चहा नाही (हे सगळ्यात अवघड).

तर मी आपली लोणच्याशी पोळी खायला बसले. सासूबाईंनी काही न बोलता त्यांच्या ताटातली निम्मी भाजी माझ्याकडे सरकवली. म्हणाल्या, "माझं पण असंच जायचं गं. शेवटी पिशवी काढली. सगळे विचारायचे दुखतंय का, पण जेवलीस काय ते कोणी विचारलं नाही."

घास घशातच अडकला.

लिंबू फ्रीजमध्येच राहिलं ते राहिलंच.

तुमच्या घरी कढईतलं शेवटचं कोणाच्या ताटात जातं?