बोट कोणी मोडली?

प्रयोगाच्या खोलीत माझं काम खोटं बोलण्याचं होतं. नीतिसमितीने मंजूर केलेलं, आईवडिलांनी सही केलेलं खोटं. मुलापुढे एक लाकडी बोट ठेवायची, ‘ही माझी लहानपणापासूनची, फार आवडती’ असं म्हणायचं आणि त्याच्या हातात द्यायची. बोटीची डोलकाठी आम्हीच मोडून मेणाने जेमतेम टेकवलेली असे. ती पडली की मी ‘अरेरे!’ म्हणून साठ सेकंद गप्प बसायचं. लहान मुलांमध्ये अपराधी भाव कसा उमटतो, हे त्या एका मिनिटात टिपायचं होतं. मग बाहेर जाऊन तशीच धड बोट आणायची आणि सांगायचं: ती आधीच मोडलेली होती, तुझी काही चूक नाही.

तीसेक मुलांचं झालं होतं. खरं कळल्यावर बहुतेक जण हसायची, एखादं रागवायचं. रागवणारी मला जास्त आवडायची.

त्या दिवशी आलेला मुलगा चार वर्षांचा होता. डोलकाठी पडली तसे त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि तो हललाच नाही. मूल रडलं तर प्रयोग थांबवायचा, असा आमचा नियम. तो रडला नाही, म्हणून मी घड्याळाकडे बघत राहिले. संमतीपत्रात ‘किरकोळ अस्वस्थता वाटू शकते’ असं लिहिलं होतं. किरकोळ कोणाच्या मापाने, हे आमच्यापैकी कोणी विचारलं नव्हतं.

धड बोट आणून मी ठरलेली वाक्यं म्हटली. त्याने दोन्ही बोटी पाहिल्या, मान डोलावली. मला वाटलं, झालं. तेवढ्यात दारात आई दिसली आणि तो म्हणाला, “मी ताईंची बोट मोडली.” आई हसली. “अरे, ताईंनी ती मुद्दाम तशी ठेवली होती.” त्याने माझ्याकडे बघितलं आणि आईला ठामपणे सांगितलं, “ताई असं नाही करणार.”

मोठ्या माणसाने आपल्याला फसवलं असेल, यापेक्षा आपणच चुकलो असू, हे मानणं त्याला सोपं गेलं. प्रयोगानंतर खरं सांगितलं की हिशोब मिटतो, हे गृहीतक मोठ्यांसाठी ठीक आहे. मोठा माणूस चिडतो, तक्रार करतो, उठून जातो. चार वर्षांच्या मुलाला फसवणूक समजून घ्यायची तर आधी ताई खोटं बोलतात हे पचवावं लागतं, आणि ते त्याला आम्हीच शिकवायचं!

मानसशास्त्राच्या वर्गात अल्बर्ट नावाचं बाळ सगळ्यांना शिकवतात. 1920 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात वॉटसन आणि रेनर या मानसशास्त्रज्ञांनी त्याला उंदराची भीती बसावी म्हणून त्याच्यासमोर पांढरा उंदीर आणून पाठीमागे लोखंडी दांड्यावर हातोडा हाणला होता. त्याच्या मनातली भीती काढायची राहूनच गेली. पण मला त्या रात्री आठवला 1939 मधला अमेरिकेतल्या आयोवाचा अनाथाश्रम. तिथे नीट बोलणाऱ्या काही मुलांनाही ‘तुम्ही तोतरं बोलायला लागलात’ असं सांगितलं गेलं. ते सांगणारी विद्यार्थिनी, मेरी ट्यूडर, प्रयोग संपल्यावर पुन्हा आश्रमात गेली, मुलांची समजूत घालायला. आयोवा विद्यापीठाने माफी मागितली ती 2001 मध्ये. वर्गात मी हे ऐकलं तेव्हा ट्यूडरचा राग आला होता. आता वाटलं, ती परत गेली, मी तर चित्रफीत बघत रकाने भरतेय: ‘नजर चुकवली – 1, अंग आखडलं – 2’. ‘विश्वास ठेवला नाही’ असा रकाना कुठेच नव्हता.

सकाळी समितीला पत्र लिहिलं आणि पुढची सत्रं थांबवली. वरिष्ठ म्हणाले, एका मुलावरून एवढं? प्रश्न चुकीचा नव्हता. या अभ्यासातून कामाचं काही मिळत नाही, असं माझंही म्हणणं नाही.

आईला फोन करून विचारलं आणि आठवड्याने त्याला परत बोलावलं, या वेळी कॅमेरा बंद ठेवून. मोडकी बोट आणि मेणाचा गोळा त्याच्या हातात दिला. काठी कशी टेकवायची ते दाखवलं. त्याने टेकवली, पाडली. पुन्हा टेकवली, पाडली. आठ-नऊ वेळा तरी. मग मला म्हणाला, “आता तुम्ही पाडा.” मी पाडली. त्याने ‘अरेरे!’ म्हटलं आणि माझ्या तोंडाकडे बघत बसला.