‘सिंक इश्यू’ने खाल्लेले पाच महिने

सिनेमा घरपोच करणाऱ्या कुठल्याही ऑफिसातून ‘सर, सिंक इश्यू आहे’, म्हणजे बोलणं आणि खालची सबटायटलची ओळ जुळत नाही, एवढंच उत्तर आलं तर फोन ठेवायचा नाही. ‘कितव्या मिनिटाला? किती सेकंदांचा? पुढे की मागे?’ हे तिथल्या तिथं विचारायचं. मी पाच महिने विचारलं नाही, म्हणून आज हे लिहायला बसलोय.

माझा धंदा टेरी टॉवेलचा. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत बारा माग आहेत. सिनेमाशी संबंध एवढाच, की भाच्यानं सिनेमा काढला आणि घरातल्या तिघांनी पैसे घातले, त्यात सगळ्यात जास्त माझे. गोष्ट साधी प्रेमाची. साखर पेठेतल्या तेलुगू घरातली मुलगी, बाळीवेशीतला कानडी बोलणारा मुलगा, आणि दोघं एकमेकांशी भांडतात ते मराठीत. नाव लिहीत नाही, जाहिरात वाटेल.

सेन्सॉरचं काम सुरळीत झालं. ‘यूए 13+’ मिळालं. त्या सर्टिफिकेटवर लांबी लिहिली होती 116 मिनिटं 40 सेकंद. हा आकडा लक्षात ठेवा, मी ठेवला नाही.

थिएटरचं थोडक्यात सांगतो, कारण ते घडलंही थोडक्यातच. तारीख होती 14 फेब्रुवारी 2025, शुक्रवार. प्रेमाचा दिवस म्हणून भाच्यानं कितीतरी आधी धरून ठेवलेली. तेव्हा ‘छावा’ 6 डिसेंबरला येणार होता. तो पुढे सरकला आणि नेमका आमच्या अंगावर आला. संभाजी महाराजांच्या सिनेमासमोर आम्ही काय उभं राहणार? गावातून पोरं झेंडे घेऊन थिएटरला निघाली होती. खोटं कशाला बोलू, रविवारी रात्री मी स्वतःच तो बघून आलो.

आम्हाला मिळाला एक पडदा आणि सकाळी पावणेदहाचा एक शो. मराठी सिनेमाला मल्टिप्लेक्समध्ये दुपारी 12 ते रात्री 9 या वेळेत जागा द्यावी, असा 2015 चा सरकारी निर्णय आहे. तो कागद दाखवून भांडता येतं, असं दोघा-तिघांनी सुचवलं. पण शुक्रवार ते गुरुवार एवढंच ज्याचं आयुष्य, त्यानं कागद कधी दाखवायचा आणि शो कधी लावायचा? पहिल्या शोला 23 माणसं होती. त्यातली 11 घरची, दोन माझ्या कारखान्यातली. त्या दोघांचा मी अर्धा दिवस भरला, तो खर्च कुठल्याच हिशेबात नाही. गुरुवारी पोस्टर उतरलं.

आमच्या जिल्ह्यात 2016 पासून एक रोग आहे. प्रेमकथा म्हटलं की लोक थेट करमाळ्याच्या ‘सैराट’चा आकडा काढतात. नवी पेठेत कुणीही भेटलं की पहिला प्रश्न, ‘गल्ला किती झाला?’ त्यांना मी एका तिकिटाचं गणित सांगायचो. 100 रुपयांचं तिकीट, त्यात तेव्हा 12 टक्के जीएसटी आतच धरलेला. तो काढला की उरतात 89 रुपये 29 पैसे. ते थिएटर आणि वितरक यांच्यात निम्मे निम्मे, म्हणजे आपल्या बाजूला 44 रुपये 64 पैसे. त्यातून वितरकाचं कमिशन, डिजिटल प्रोजेक्शनचे पैसे, पोस्टर, रिक्षावरचा भोंगा. पेपरात येतो तो आकडा सगळ्यात वरचा असतो, निर्मात्याच्या हातात येतो तो सगळ्यात खालचा. (22 सप्टेंबर 2025 पासून 100 रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा कर 5 टक्के झाला. आमचं नशीब सात महिने आधी जन्मलं.)

एक मात्र करा. रोजचा डीसीआर, म्हणजे त्या दिवशी कुठल्या शोला किती तिकिटं गेली त्याचा कागद, रोज रात्री व्हॉट्सॲपवर मागून घ्या. आठवड्यानं मागितला की ‘बघतो, पाठवतो’ सुरू होतं. हे मी वेळेवर केलं, म्हणून थिएटरचा हिशेब महिन्याभरात मिटला. टॉवेलच्या धंद्यात उधारी वसूल करून करून एवढी अक्कल आली आहे.

आता मुद्द्याचं. थिएटरमध्ये आपटलेला छोटा सिनेमा घरी बघितला जातो, असं सगळेच म्हणतात. खरं आहे, पण घरापर्यंत जायला एक दार आहे आणि त्या दारावर एक माणूस बसलाय. मोठे ओटीटी प्लॅटफॉर्म आमच्यासारख्याशी थेट बोलत नाहीत. मध्ये एक कंपनी असते, तिला ॲग्रिगेटर म्हणतात. आपण फाइल, पोस्टर, सबटायटल, कागदपत्रं तिला द्यायची. ती तपासून प्लॅटफॉर्मला देते आणि येणाऱ्या पैशातून स्वतःचा वाटा कापते. तपासणीला क्यूसी म्हणतात. आमची कंपनी अंधेरीची, नाव घेत नाही.

22 एप्रिलला सगळं पाठवलं. पंधरा दिवसांनी मेल आला: ‘क्यूसी फेल. सबटायटल सिंक इश्यू. कृपया दुरुस्त करून पुन्हा पाठवा.’ बस. एवढंच.

भाच्यानं फाइल लावून बघितली. सुरुवातीला टायटल आणि गाणं, पहिला संवाद सहाव्या मिनिटाला. तिथं इंग्रजी ओळ 15 सेकंद उशिरा उमटत होती. त्यानं अख्खी फाइल 15 सेकंद मागे ओढली, पहिला संवाद जुळला, पाठवून दिली. मला फोन केला, ‘मामा, झालं. टेन्शन कशाला घेलालाव?’

मेअखेरीस पुन्हा मेल. अक्षर न् अक्षर तेच. आता आम्ही मधला भाग बघितला. अठ्ठेचाळिसाव्या मिनिटाला सिद्धेश्वर तलावाच्या काठावर मुलगा मुलीला विचारतो, ‘माझ्या घरी येशील का, कायमची?’ आणि खाली ओळ दिसत होती तिच्या बापाची, सुताचा भाव कसा वाढलाय म्हणून कावलेली. पावणेदोन मिनिटं मागे! मग भाच्यानं फाइल मधल्या भागाला जुळवली. त्यामुळे तलावाचा प्रसंग सुधारला आणि सुरुवात बिघडली, मुलीनं तोंड उघडायच्या आधीच तिचं बोलणं खाली छापून येऊ लागलं. मग त्यानं इंटरव्हलपाशी फाइल तोडून दोन तुकडे केले आणि दोघांना वेगवेगळं सरकवलं. तीही फेल. करारात दोन वेळा तपासणी फुकट होती, तिसऱ्यापासून पैसे. तेही भरले.

दर वेळी दहा ते पंधरा कामाचे दिवस. फोन केला की एक मुलगी गोड आवाजात म्हणायची, ‘सर, तुमचं तिकीट रेज झालंय.’ मला आधी वाटलं रेल्वेचं, ते निघालं तक्रारीच्या नोंदीचं. जुलै गेला, ऑगस्ट गेला. गणपतीत बायकोनं विचारलं, ‘तुमचा सिनेमा टीव्हीवर कधी यायचा?’ मी उत्तरच दिलं नाही.

या काळात कंपनीनं एकदा विचारलं होतं, सर्टिफिकेटवर 116.40 आहे आणि तुमची फाइल 112 मिनिटांची, मग मधलं काय कापलं? मी भाच्याला विचारलं. तो म्हणाला, ‘मामा, तंबाखूच्या सूचना धरून मोजलं असेल त्यांनी.’ मीही मान डोलावली. चोर समोर उभा होता आणि आम्ही त्याला पाणी देऊन वाटेला लावलं.

सप्टेंबरात शेवटी सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडली, दादरला उतरलो, अंधेरीत ऑफिसला पोचलो. हातात आमच्या कारखान्यातल्या टॉवेलचे दोन जोड. रिसेप्शनवरच्या पोरीनं बसा म्हटलं नाही, ‘मेलवरच बोला काका’ म्हटलं. मी म्हटलं, मेल पाच महिने चाललंय, आता मी आलोय. तिथंच बसलो. दीड वाजता आतून एक पोरगा डबा घेऊन बाहेर आला. माझं फोनवरचं बोलणं ऐकून थांबला. ‘काका, सोलापूर का?’ तो निघाला बार्शीचा, आणि तपासणी करणाऱ्यातलाच.

त्यानं विचारलं, ‘रिपोर्ट बघितला नाही का तुम्ही?’ कसला रिपोर्ट? प्रत्येक तपासणीचा चांगला नऊ-नऊ पानी रिपोर्ट असतो म्हणे, मिनिट-सेकंदासकट. क्लायंटला मात्र फक्त सारांश जातो, तशी ऑफिसची पद्धत. का, ते त्यालाही माहीत नव्हतं. नऊ पानांचा सारांश दोन शब्द! असा सारांश मी नोकराला उधारीच्या वहीचा करायला सांगितला तर धंदा बंद पडेल. जेवण बाजूला ठेवून त्यानं पहिल्या दिवसापासूनचे सगळे रिपोर्ट छापून दिले. टॉवेल घ्यायला तयार नव्हता, बळंच दिले.

परतीच्या गाडीत वरच्या बर्थवर पहिला रिपोर्ट उघडला, आम्ही काहीही सरकवण्याआधीचा. सहाव्या मिनिटाला 15 सेकंद उशीर. चोविसाव्या मिनिटाला 1 मिनिट. अठ्ठेचाळिसाव्याला 2 मिनिटं. शहाण्णवाव्याला 4. शेवटची ओळ तर नामावळीत घुसली होती. मुलीचं ‘थांब ना’ जेवण पुरवणाऱ्याच्या नावाखाली.

आता यात सिनेमाचं काय ज्ञान लागतं? टॉवेल धुतला की आटतो. 4 टक्के आटणारा असेल तर 25 मीटरचा तागा 24 वर येतो. तो एका टोकाला धरून कितीही ओढा, जुळत नाही, कारण तागा टोकाला आटलेला नसतो, प्रत्येक विताला आटलेला असतो. इथं प्रत्येक 24 मिनिटांमागे 1 मिनिट. 24 आणि 25. कल्याण यायच्या आत भाच्याला फोन करून उठवलं.

‘आपल्या सिनेमात 24 नाहीतर 25 असं काही आहे का रे?’

‘शूट 25 फ्रेमवर केलंय मामा.’

‘आणि थिएटरला दिलेली कॉपी?’

बराच वेळ आवाज नाही. मग, ‘24.’

झालं एवढंच होतं. फ्रेम म्हणजे एक चित्र. थिएटरच्या कॉपीत सेकंदाला 24 चित्रं, त्यामुळे तोच सिनेमा सावकाश चालून 116 मिनिटं 40 सेकंदांचा झाला. सेन्सॉरनं तोच मोजला. सबटायटलवाल्यानं त्याच कॉपीवर बसून वेळा टाकल्या. ओटीटीला आपण दिली मूळ 25 ची, 112 मिनिटांची. सबटायटल एडिट नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, त्यात फ्रेम रेट बदलायची सोय असते. इकडे 24, तिकडे 25 भरायचं, की सगळ्या वेळा एकसारख्या आवळल्या जातात. काम दोन मिनिटांचं. आम्हाला अर्धा दिवस लागला, कारण भाच्यानं मूळ फाइलवरच पुन्हा पुन्हा सेव्ह केलं होतं. शेवटी सबटायटलवाल्याच्या जुन्या मेलमध्ये पहिली प्रत सापडली. पहिली प्रत वेगळी ठेवा, एवढं तरी माझं ऐका. आणि तपासताना सुरुवात बघून खूश होऊ नका. सुरुवात, मध्य आणि शेवट अशा तीन जागी बघा.

या वेळी आठव्या दिवशी पास. सारांश: ‘अप्रूव्हड’. तोही एकाच शब्दात. दसऱ्याच्या आठवड्यात सिनेमा आला. बायकोनं पहिला बघितला तो इंग्रजी ओळी लावून, तिला इंग्रजी लागत नाही तरी. तलावापाशी आल्यावर म्हणाली, ‘आता बरोबर आहे का हो?’ मी सिनेमा बघतच नव्हतो, खालची ओळ बघत होतो.

पहिल्या तिमाहीचा हिशेब आला. आधी सिनेमा भाडं भरून बघायचा होता, नंतर प्लॅटफॉर्मच्या वर्गणीत गेला, तिथं लोकांनी किती मिनिटं बघितलं त्यावर पैसे. थिएटरच्या आठवड्यापेक्षा जास्त आले. पण जास्त म्हणजे किती, तर माझ्या मुंबईच्या खेपा आणि तिसऱ्या तपासणीची फी वजा केली की बरोबरीत. भाचा खूश आहे. दुसरी गोष्ट लिहायला घेतलीय. या वेळी मी आधी विचारलं, ‘किती फ्रेमवर?’

अजून एक, मघाशी सांगायचं राहिलं. ॲग्रिगेटर प्रत्येक गाण्याच्या हक्काचा करार मागतो. आमच्या एका गीतकाराशी आम्ही वहीच्या कागदावर लिहून घेतलं होतं, ते चाललं नाही. ऑक्टोबर 2024 पासून महाराष्ट्रात 100 चा स्टॅम्प करारांना चालत नाही, 500 चा लागतो. तो घेऊन गेलो तर स्वारी वारीत. मग आषाढीच्या गर्दीत पंढरपूर गाठलं, चंद्रभागेच्या वाळवंटात त्याला शोधलं आणि माझ्याच पाठीवर कागद ठेवून सही घेतली. स्टॅम्पच्या कोपऱ्याला बुक्का लागलाय, पण तो पहिल्या फेरीत पास झाला.